आवडाबाईने निवडलेला जनरेटर

आवडाबाईने महिपतला शिव्या दिल्या असत्या ना, तर गोष्ट तिथंच मिटली असती. बाई शिव्या द्यायला कमी नव्हती. नळावर कोणी हंडा पुढं सरकवला तर तिच्या तोंडून जे बाहेर पडायचं ते ऐकून पोरीबाळी कानांवर हात ठेवायच्या. पण त्या दिवशी ती गप्प बसली. भर मांडवात, हाताला हळद लागलेली, समोर तांदळाच्या पिठाने भरलेला चौक, आणि बाई गप्प. तेव्हाच महिपतला समजायला हवं होतं. पण पैसा आलेल्या माणसाला समजतंय कशाला!

ही मानपाड्याकडची गोष्ट. आगऱ्यांचं गाव. आधी सगळी भातशेती, मग कंपन्या आल्या, मग बिल्डर आले, आणि काल चिखलात उतरणारी माणसं आज पांढरी पँट घालून फिरायला लागली. आवडाबाईचं तसं काही झालं नाही. तिचा नवरा मिठागरावर कामाला होता, तो लवकर गेला; पोटी मूलबाळ नाही; भाच्याच्या, म्हणजे नाथाच्या घराशेजारी एका खोलीत ती राहायची. पण मान बघायचा तर गावात तिच्याएवढा कोणाचा नाही. कारण ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. ती चौक भरणार, ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणार, देवांना बोलावणार, मेलेल्या वाडवडिलांना बोलावणार, आणि मग घरातल्या एकेकाचं नाव गाण्यात घेणार. ज्याचं नाव येईल त्याने उठायचं आणि पोरीला नाहीतर पोराला हळद लावायची. पहिलं नाव बापाचं. नाव आल्याशिवाय हळदीला हात लावायचा नाही, मग तो सरपंच असो नाहीतर मिनिस्टर.

हे सगळं तिला सासूने शिकवलेलं. आवाज मात्र तिचा स्वतःचा. मिठागराच्या या टोकावरून त्या टोकाच्या नवऱ्याला जेवायला हाक मारून मारून कमावलेला.

गावातल्याच महिपतच्या थोरल्या मुलाच्या लग्नात ती अशीच गायली, मन लावून. महिपतची आई तिची मैत्रीण. बरोबर भात लावलेला दोघींनी. त्या दिवशी महिपतने नवाकोरा टेपरेकॉर्डर तिच्या पाटाशेजारी आणून ठेवला आणि म्हणाला, “आई आता थकली, मावशे. तिला घरात बसून ऐकायला होईल.” आवडाबाईला काय, बरंच वाटलं. तिने पाणी पिऊन घसा साफ केला आणि आणखी खुलून गायली.

मग जमिनीचा पैसा आला आणि महिपतने मांडव-डेकोरेशनचा धंदा काढला. मोठा डिझेल जनरेटर घेतला. ट्रॉलीवर चढवलेला, ट्रकएवढा धूर ओकणारा. दुसऱ्या मुलाचं लग्न म्हणजे त्या जनरेटरचीच जाहिरात. मांडवभर झगमगाट, आणि ते धूड उभं कुठं, तर आवडाबाईच्या पाठीमागे, झावळ्यांच्या झापाच्या पलीकडे. ती धवला म्हणायला लागली तर शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा ऐकू येईना. तिने आवाज चढवला. आणखी चढवला. घसा फुटायची वेळ आली. बायका एकमेकींकडे बघून पदरात हसायला लागल्या.

महिपत आला आणि तिच्या तोंडासमोर हात आडवा धरला. “बस झालं मावशे. आता तुझ्याने होत नाय. जा, जेवून घे.” त्याने टेपजवळच्या पोराला खूण केली आणि कर्ण्यातून धवला सुरू झाला. आवाज कोणाचा? आवडाबाईचाच! तीच देवांची नावं, तेच वाडवडील, आणि मग, “बोलवा गो महिपतदादाला, हलद लावायला.” महिपत ऐटीत उठला आणि मुलाला हळद लावली. आणि ही बाई पाटावर तोंड मिटून बसलेली, डोक्यावर तिचाच गळा ओरडतोय. धवलारणीची ओटी भरतात, लुगडं देतात, ते सगळं विसरले. कोणीतरी तिच्या हातात पत्रावळ दिली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती जेवली. अन्नावर राग काढायची तिची रीत नव्हती.

त्यानंतर काय झालं ते ऐका. महिपत मांडवाबरोबर ती टेप पण भाड्याने द्यायला लागला. पार्टी आली की विचारायचा, “काय काय पायजे? जनरेटर, लायटिंग, आवडाबाई?” असं! जशी काय ती खुर्च्या नि सतरंज्यांमधली एक वस्तू. आणि लोकही असे की सोय झाली म्हणून खूश. फक्त एक गडबड व्हायची. टेपमध्ये नावं महिपतच्या घरची. हळद दुसऱ्याच्या पोरीची, आणि कर्णा ओरडतोय, महिपतदादाला बोलवा. बिचारा खरा बाप हळदीची वाटी घेऊन खुळ्यासारखा उभा. काहींनी नावं आली की टेप बंद करायला सुरुवात केली. पण महिपतला त्याचं कौतुकच वाटायचं. नाक्यावर मिशीला पीळ देऊन सांगायचा, “पार कोपरपासून कल्याणपर्यंत कुठलीबी हलद घ्या, आधी माझं नाव.”

आवडाबाईला कोणी बोलवेनासं झालं. सवय म्हणून कधी एखाद्या मांडवाच्या दारात जाऊन उभी राहायची, आतून तिचाच आवाज यायचा, आणि ती परत फिरायची. एकदा नाथाची बायको लक्ष्मी म्हणाली, “सोडा ना आत्ये, किती दिवस मनात धरून बसाल?”

“मनात नाय धरलं गो,” आवडाबाई म्हणाली. “दातात धरलंय.”

नाथाचा टेम्पो होता. एमआयडीसीत माल वाहायचा. पण चैत्रात एकविरेची जत्रा आली की आगरी-कोळ्यांची गर्दी कार्ल्याला लोटते, आणि लोक चार दिवस पायथ्याला माळावर मुक्काम टाकतात. नाथाने डोकं चालवलं. टेम्पोत दोन्ही बाजूंना फळ्या ठोकून झोपायची सोय केली, मागे स्टोव्ह आणि पाण्याचा पिंप, वर ताडपत्री ओढून पुढे ओटीसारखी जागा. चालतंफिरतं घरच म्हणा ना. राहिला प्रश्न लाइटचा. गॅसबत्ती पोरं पाडतात, म्हणून त्याला एक छोटा जनरेटर घ्यायचा होता. पण पैसे पुरत नव्हते.

एका सकाळी आवडाबाई हातातल्या पाटल्या पुडीत बांधून त्याच्यासमोर बसली. “ह्या मोड. पन जनरेटर मी निवडणार.”

“आत्ये, तुला त्यातलं काय कळतं?”

“मना जे कळतं ते मना कळतं. चल.”

पहिल्यांदा विठ्ठलवाडीला गेले. तिथे एका गाळ्यात धुऊनपुसून नवा केलेला जनरेटर होता. दुकानदाराने दोरी ओढली, मशीन थडथडायला लागलं. नाथा वाकून तेल, प्लग, वायरी बघत होता. आवडाबाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. “तिकडं जा. रस्त्याच्या पल्याड. मी गाते. शब्द कळला तर हात वर कर.”

आणि बाई त्या मशीनच्या शेजारी कमरेवर हात ठेवून भर बाजारात धवला म्हणायला लागली! दुकानदार बघतच राहिला. भाजीवाल्या थांबल्या. नाथा लाजेने अर्धा झाला, पण उभा राहिला. हात काही वर झाला नाही.

“नको,” आवडाबाई म्हणाली. “यो पन महिपतचाच भाऊ दिसतो.”

मग कल्याणला आले, स्टेशनजवळ एका शेठच्या दुकानात. शेठ जुना माणूस, बोलण्यात गोड. आधी त्याने मोठा दाखवला. “हा घ्या, मावशी. पूर्ण लग्न निघेल.” तो चालू केला, नाथा रस्त्यापलीकडे गेला, बाई गायली, हात नाही. मग त्याने जरा छोटा काढला, पेट्रोलवर चालू होणारा आणि मग रॉकेलवर चालणारा. सुटकेससारखी मूठ असलेला, एका हाताने उचलता येईल असा. हा जरा सोज्वळ होता. नाथाने हात अर्धा वर केला, डोकं हलवलं, परत खाली घेतला.

“अर्धं ऐकायला येतंय,” तो ओरडला.

“अर्ध्याने माझं काय होतंय!” आवडाबाई चिडली. “शेठ, आवाज नाय असा जनरेटर नाय का तुमच्याकडं?”

शेठ हसला. “आवाज नाही असा जनरेटर अजून कोणी बनवला नाही, मावशी. पण एक करा. हा दिवसा चालवा, बॅटरी भरून घ्या. संध्याकाळी मशीन बंद. बॅटरीवर ट्यूब लावा. बॅटरी बोलत नाही.”

आवडाबाई त्याच्याकडे बघत राहिली. शेठला वाटलं समजलं नाही, म्हणून तो परत सांगायला लागला, तर ती म्हणाली, “कळलं. मशीन गप, आनि उजेड चालू. हेच पायजे मना.”

नाथाने ट्रकची बॅटरी घ्यायचा हट्ट धरला, स्वस्त पडते म्हणून. शेठने त्याला समजावलं, गाडीची बॅटरी एकदम जोर लावायला बनवलेली, इंजिन सुरू करायला. तिला तासन्‌तास ट्यूब ओढायला लावली की चार महिन्यांत बसते. जाड प्लेटांची घ्या, जड असते, पण हळूहळू देत राहते. आणि एक नाही, दोन घ्या. एका बॅटरीला पार तळापर्यंत रिकामी करायची नाही. नाथाला सगळं पटत होतं, फक्त खिसा आड येत होता. आवडाबाईने विषयच संपवला. “पाटल्या माझ्या. दोन घे. जाडवाल्या.”

निघताना शेठने बॅटरीत घालायच्या पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि बजावलं, विहिरीचं पाणी घालू नका. तेव्हा बाई म्हणाली, “आमच्या खाडीकडच्या विहिरीचं पानी भातालाबी चालत नाय, शेठ. ह्याला काय चालंल?”

येताना टेम्पोत ती बॅटरीवर हात ठेवून बसलेली. नाथाने विचारलं, “आत्ये, खरं सांग. हे सगळं एकविरेसाठी?”

“आई एकविरेसाठीच,” ती म्हणाली. “तिला सांगून करायचंय मना.”

चैत्रात कार्ल्याला माळावर गर्दी उसळली. नाथाने टेम्पो एका आंब्याखाली लावला. महिपत पण आला, लक्झरी बस करून. मागे ट्रॉलीला तो डिझेलचा राक्षस. बसभोवती माळा, कर्णे, आणि पाहुणे म्हणून मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं. मुलगी नीला, सगळ्यात धाकटी, बापाची लाडकी. तिचं ठाण्याला खोपटजवळच्या घरात जमलेलं. विहीण जनाबाई, अंगाने भरलेली, तोंडाने सरळ.

दिवेलागणीला महिपतचं मशीन सुरू झालं आणि वारं फिरलं. सगळा धूर त्यांच्याच पाहुण्यांच्या ताटात. जनाबाई खोकत खोकत उठली आणि पदर नाकाला लावून माळ ओलांडत नाथाच्या टेम्पोजवळ आली. इथे ताडपत्रीखाली दोन ट्यूब शांत जळत होत्या. मशीन दुपारीच बंद करून ठेवलेलं. बायका गोल बसलेल्या, आणि आवडाबाई देवीचं गाणं म्हणत होती. हळूच. तिला आवाज चढवायची गरजच पडत नव्हती.

जनाबाई बसली ती बसलीच. गाणं संपलं तशी म्हणाली, “अगो बाय, हा आवाज मी ऐकलाय. टेपवाली तूच का गो?”

“टेपवाली महिपतकडं हाय,” आवडाबाई म्हणाली. “मी आवडाबाई.”

जनाबाईने बाकीचं सगळं लक्ष्मीकडून खोदून काढलं. माळावर निजानीज व्हायच्या आत ती परत बसकडे गेली आणि महिपतला सगळ्यांसमोर सुनावलं, “ईवायानू, माझ्या सुनेची हलद टेपवर चढनार नाय. ती बाई गाईल तर हलद. नायतर तारीख पुढं ढकला.”

आठवड्याने महिपत आवडाबाईच्या दारात. हातात लुगडं, नारळ. चप्पल बाहेर काढून उंबऱ्यापाशी उकिडवा बसला. आवडाबाई मासळी निवडत होती. तिने हात धुतले नाहीत.

“मावशे, झालं गेलं विसर. नीला तुझी नातच हाय. आई आता नाय, तिच्या नावाने ये.”

आईचं नाव घेतलं! त्याच आईला ऐकवायची म्हणून त्याने ती टेप भरून घेतली होती. आवडाबाईच्या हातातली कोलंबी तशीच राहिली. केवढं तोंड या माणसाचं! पण ती हसली. गोड हसली.

“येईन की. पन तुझं मशीन मांडवात नको. पार नाक्यावर ठेव, नायतर बंदच ठेव. लाइट माझ्या नाथाचा. मी गाताना त्याचा जनरेटरबी बंद, बॅटरीवर ट्यूब. मना गडबड नको.”

“तू बोलशील तसं,” महिपत म्हणाला, आणि सुटलो एकदाचा असं तोंड करून गेला.

नाथा आतून ऐकत होता. “एवढ्यात मानलंस, आत्ये?”

“तू बॅटरी भर,” ती म्हणाली.

हळदीच्या दिवशी नाथाने दुपारभर जनरेटर चालवून दोन्ही बॅटऱ्या काठोकाठ भरल्या. संध्याकाळी मशीन बंद झालं आणि मांडवात अशी शांतता पसरली की लोक आपोआप हळू बोलायला लागले. कित्येक वर्षांत त्या गावातल्या हळदीला कोणी असा शांत मांडव बघितला नव्हता. नीला पाटावर बसली. शेजारी महिपत, नवं धोतर, हातात हळदीची वाटी. त्याच्या मागे त्याचा धाकटा भाऊ कुंडलिक, ज्याला महिपत चारचौघांत ‘बसून खाणारा’ म्हणायचा. समोर ठाण्याचे पाहुणे, जनाबाई पहिल्या रांगेत.

आवडाबाईने चौक भरला आणि गायला सुरुवात केली. पार शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही शब्दन्‌शब्द कळत होता. गावदेवीला बोलावलं. एकविरेला बोलावलं. महिपतच्या बापाला बोलावलं, आज्याला बोलावलं, नुकत्याच गेलेल्या त्याच्या आईला बोलावलं, आणि तेव्हा तिचा आवाज खरंच भरून आला. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. महिपतने पण पुसले. आणि वाटी सावरून तो अर्धा उठला, कारण आता त्याचं नाव.

“बोलवा गो कुंडलिकदादाला, हलद लावायला.”

महिपत तसाच, ना उभा ना बसलेला. कुंडलिकला पण कळेना. तो इकडे तिकडे बघायला लागला. आवडाबाईने तीच ओळ पुन्हा म्हटली. जराही आवाज न चढवता. मांडवात एवढी शांतता की कुंडलिकचा श्वास ऐकू यावा. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “उठ ना रं, नाव आलंय तुझं.” आणि कुंडलिक उठला, भावाच्या हातातल्या वाटीत बोटं बुडवली आणि नीलाच्या कपाळाला, गालांना, पायांना पहिली हळद लावली. मग आवडाबाईने नीलाच्या आईचं नाव घेतलं, काकीचं घेतलं, मग भावांची, मग वहिन्यांची, मामाचं, मामीचं, शेजारणींचं. गावातल्या न्हाव्याचंसुद्धा घेतलं. सगळे उठले, सगळ्यांनी हळद लावली. वाटी महिपतच्याच हातात होती. लोक येत होते, त्याच्या हातातून हळद घेत होते, जात होते.

आवडाबाईच्या छातीत असं काही गोड भरून आलं होतं की तिला वाटलं, हे असंच चालू राहावं, बॅटरी संपूच नये.

धवला संपला. महिपत पुढे आला, ओणवा झाला, आणि अगदी लहान आवाजात म्हणाला, “मावशे, माझं नाव राहिलं.”

तो हळू बोलला, पण त्या मांडवात हळू असं काही उरलंच नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं.

आवडाबाईने पदराने हातावरचं पीठ पुसलं. “तुझं नाव घेऊन झालंय, महिपत. कोपरपासून कल्याणपर्यंत सगळ्यांच्या मांडवात घेतलंय मी. दुसऱ्यांच्या पोरींना हलद लावून आलास तू. आता शिल्लक नाय.”

कोणीतरी मागे फस्सकन हसलं. मग आणखी कोणी. जनाबाईने तोंडावर पदर धरला. महिपतच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या. वाटत होतं, आता हात उचलतो. पण समोर ठाण्याचे ईवाई बसलेले, ट्यूबचा लख्ख उजेड, आणि आरडाओरडा झाकायला जनरेटर पण नाही. त्याने वाटी खाली ठेवली आणि घरात निघून गेला. धवलारणीने नाव घेतलं नाही, तर हळदीला हात लावता येत नाही. हे त्याच्या आईनेच त्याला शिकवलेलं.

आवडाबाईची ओटी भरली. लुगडं, नारळ, खण. कुंडलिकच्या बायकोने वाकून नमस्कार केला. नाथा वायरी गुंडाळत होता, त्याचं तोंड उतरलेलं; लक्ष्मी तिच्याकडे बघायचं टाळत होती. आवडाबाईने दोघांकडे दुर्लक्ष केलं. एवढ्या वर्षांनी तिच्या जिवाला थंड वाटत होतं.

ती निघाली तेव्हा मांडवाच्या दाराशी नीला आली. अंगभर पिवळी, हातांतल्या हिरव्या बांगड्या वाजत होत्या. ती रडत नव्हती, पण रडून आलेली होती.

“आजे,” ती म्हणाली, “बाबांनी तुझं लय वाईट केलं. मना ठाऊक हाय सगळं. पन माझ्याच हलदीत का गो? दुसरं कुठं गाठायचं होतंस त्यांना.”

आवडाबाईने तिच्या गालाकडे बघितलं. हळद वाळून तडकायला लागली होती. तिला वाटलं, काहीतरी गोड बोलावं, पोर आहे. पण खोटं बोलायला तिला जमेना.

“दुसरीकडं त्याला दुखलं नसतं, बाय,” ती म्हणाली आणि टेम्पोत जाऊन बसली.